काठीचा कामठा होतो तेव्हा

१९९१ सालच्या सप्टेंबर महिन्यातली गोष्ट. इटली आणि ऑस्ट्रियाच्या सरहद्दीवर आल्प्स पर्वतात, दहा हजार फुटांच्याही वर, भटकायला गेलेल्या एका जर्मन जोडप्याला वितळत्या बर्फातून वर आलेला एक माणूस दिसला. मेलेला, अर्थातच. त्यांना वाटलं, असेल कुणी पाच-दहा वर्षांमागे वाट चुकलेला बिचारा गिर्यारोहक. मग माणसं आली, अधिकारी आले, शास्त्रज्ञ आले आणि तपासाअंती हा गडी निघाला सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा. त्याला आता जग ओट्झी म्हणून ओळखतं. अंगावर कातड्याचे कपडे, डोक्याला अस्वलाच्या कातड्याची टोपी, जवळ तांब्याची कुऱ्हाड आणि एक चामड्याचा भाता. भात्यात चौदा बाणांच्या काड्या, पण त्यातले पुरे झालेले बाण फक्त दोन, आणि तेही मोडलेले. आणि शेजारी त्याचं धनुष्य, १.८२ मीटर लांबीचं. गडी स्वतः जेमतेम सव्वापाच फुटांचा, म्हणजे धनुष्य त्याच्या डोक्यावरून वर जाणारं.

पण खरी गंमत पुढेच आहे. ते धनुष्य अर्धवट होतं. अंगभर कुऱ्हाडीचे घाव तसेच, टोकांना दोरी अडकवायच्या खाचा नाहीत, दोरी तर जन्मात लागलेली नाही. आणि २००१ साली क्ष-किरणांखाली पाहिलं तेव्हा ओट्झीच्या डाव्या खांद्यात गारगोटीचं बाणाचं टोक रुतलेलं सापडलं. ज्याचं धनुष्य तासायचं राहिलं होतं त्याला, ज्याचं तासून झालं होतं त्यानं मारलं, असा तो सगळा मामला.

आता तुम्ही म्हणाल, धनुष्य करायला एवढा वेळ तो काय लागतो? काठी घ्यायची, वाकवायची, दोरी बांधायची. लहानपणी आपण सगळ्यांनीच हे केलेलं असतं. ओढ्याकाठची निरगुडी गाठायची, सरळसा फोक तोडायचा, आईच्या नजरेआड सुतळी पळवायची आणि झाला आपला राम वनवासाला निघायला तयार. पहिला बाण बरा जातो, अंगणापलीकडच्या कुंपणात पडतो. दुसरा तिथल्या तिथे. आणि संध्याकाळी दोरी सोडून पाहावं तर काठी वाकलेली ती वाकलेलीच, सरळ व्हायचं नावच घेत नाही. पोरं म्हणतात, हिचा जोर संपला, टाका चुलीत. पण जोर संपला म्हणजे नक्की काय झालं, हे विचारायला बसलं तर रात्र पुरायची नाही. तेच आज सांगायचं आहे, म्हणून म्हणतो, जरा ऐसपैस बसा.

झाडाचं लाकूड म्हणजे मुळांकडून शेंड्याकडे जाणाऱ्या बारीक बारीक नळ्यांची मोळी. या नळ्यांत दोन ठिकाणी पाणी असतं. एक नळीच्या पोकळीत, आणि दुसरं नळीच्या भिंतीत मुरलेलं. तोडलेलं लाकूड वाळायला लागलं की आधी पोकळीतलं पाणी जातं. लाकूड हलकं होतं, पण आकारात तसूभर फरक पडत नाही. मग एक टप्पा येतो. कोरड्या लाकडाचं वजन शंभर धरलं तर पाणी साधारण अठ्ठावीस ते तीस उरलेलं असतं, पोकळ्या रित्या झालेल्या असतात, आणि इथून पुढे जे जातं ते भिंतीतलं पाणी. ते निघायला लागलं की भिंतीतले धागे एकमेकांच्या जवळ सरकतात, लाकूड आकसतं आणि ताठ होतं. ओल्या फोकाच्या भिंतीत पाणी असतं तोवर ते धागे वाकवल्यावर एकमेकांवरून घसरतात आणि नव्या जागी जाऊन बसतात. तुमचा निरगुडीचा फोक संध्याकाळी वाकडा राहिला तो यामुळे. लाकडानं झुकती बाजू धरली आणि तिलाच आपलं घर मानलं.

बरं, मग खडखडीत वाळवावं, असं कुणी म्हणेल. तेही चालत नाही. धनुष्य करणारे जाणते लोक लाकडात शंभराला आठ-दहा भाग पाणी राहील असं पाहतात. त्याहून फार ओलं असेल तर कामठा वाक धरतो, आणि फार कोरडं, पाच-सहावर आलेलं असेल तर ओढताना काडकन मोडतो. आणि यातला आणखी एक घोळ असा की लाकूड एकदा वाळलं म्हणजे कायमचं वाळलं असं नसतं. हवेत जेवढी ओल तेवढी ते पिऊन घेतं, हवा कोरडी पडली की परत सोडतं. वैशाखात विदर्भातल्या घरात पडलेली काठी पाच-सहावर येईल आणि तीच काठी आषाढात कोकणात नेऊन ठेवली तर अठराच्या घरात जाईल. पावसाळ्यात देवघराचं दार चौकटीत अडकतं आणि दिवाळीनंतर आपोआप सुटतं ते याच कारणानं, उगाच सुताराला शिव्या घालू नयेत.

सुतारावरून आठवलं. आमच्या गावी एक म्हातारे सुतारबाबा होते. कुणी दाराला म्हणून लाकूड आणून टाकलं की ते आधी बोटाच्या पेरानं त्यावर टकटक करायचे आणि कान लावायचे. ओल्या लाकडाचा आवाज बसका येतो, मुरलेल्याचा टणत्कार निघतो. बसका आवाज आला की बाबा काही बोलायचे नाहीत, लाकूड उचलून गोठ्याच्या आढ्यावर टाकायचे आणि म्हणायचे, पुढल्या पाडव्याला ये. लग्न तोंडावर आलेला यजमान हातापाया पडायचा, पण बाबांचं उत्तर ठरलेलं असे: लग्न तुझं, पण नाव माझं जाईल. युरोप-अमेरिकेतल्या जुन्या लाकूडकामवाल्यांचाही असाच एक ठोकताळा आहे, फळीच्या जाडीच्या दर इंचाला एक वर्ष. आता लोक साधा तराजू वापरतात. काठी रोज तोलायची, आकडा लिहून ठेवायचा आणि वजन उतरायचं थांबलं की समजायचं, हवेचं आणि लाकडाचं पटलं.

वाळवण्यातला खरा चोर कुठे असतो ठाऊक आहे का? टोकांना. लाकडाच्या अंगातून पाणी हळूहळू झिरपतं, पण कापलेल्या टोकांशी त्या सगळ्या नळ्यांची तोंडं उघडी असतात, तिथून ते दहापटीहून अधिक वेगानं पळतं. टोक आधी आकसतं, मधलं लाकूड अजून फुगलेलं, मग या ओढाताणीत टोकाला चिरा पडतात आणि त्या आत आत शिरत जातात. म्हणून तोडल्या दिवशीच टोकांना मेण, रंग नाहीतर सरस फासून ठेवतात. शिवाय लाकूड सगळीकडे सारखं आकसतही नाही. लांबीत जवळजवळ नाहीच, शंभर भागांत एखाद-दशांश. गाभ्यापासून सालीकडे आकसतं ते थोडं, आणि वर्तुळांच्या कडेनं आकसतं ते त्याच्या साधारण दुप्पट. आख्खा ओंडका तसाच वाळायला ठेवला तर तो एखाद्या बाजूनं गाभ्यापर्यंत उलतोच, कारण बाहेरचं वर्तुळ लहान होऊ पाहतं आणि आतलं लाकूड त्याला जागा देत नाही. तेव्हा पाचरी मारून ओंडका आधी उभा फाडायचा. करवतीनं कापायचा नाही, फाडायचा. करवत आपल्या रेषेनं जाते, पाचर लाकडाच्या शिरेनं जाते, आणि शीर मध्येच तुटलेली काठी धनुष्याला कामाची नाही.

उत्तर अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत याही नावाची एक जमात होती. गोऱ्या लोकांनी तिचा पार निर्वंश केला, आणि १९११ च्या ऑगस्टमध्ये तिचा शेवटचा माणूस, उपासमारीनं खंगलेला, ओरोव्हिल गावाच्या कत्तलखान्याशेजारी सापडला. त्यानं आपलं नाव कधीच सांगितलं नाही, म्हणून त्याला त्याच्याच भाषेतल्या शब्दानं इशी, म्हणजे माणूस, म्हणू लागले. विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहायचा आणि शेजारच्या रुग्णालयातले सॅक्स्टन पोप नावाचे शल्यचिकित्सक त्याच्याकडे धनुष्य शिकायला बसायचे. त्यांनी पुढे १९२३ साली यावर पुस्तक लिहिलं, त्यात इशीची रीत आली आहे. जुनिपरची फांदी फाडायची, वाळूच्या दगडावर घासून आकार द्यायचा, टोकं तापल्या दगडावर मागे वळवून बांधून ठेवायची आणि मग अंधाऱ्या, कोरड्या जागी ते लाकूड मुरत ठेवायचं. किती दिवस? काही महिने, नाहीतर काही वर्षं, जशी गरज असेल तसं. आणि धनुष्य तयार झाल्यावरही त्याचा एक दंडक असे. ते कधी भिंतीला उभं टेकवून ठेवायचं नाही. उभं धनुष्य काम करत राहतं, त्याला घाम येतो आणि ते अशक्त होतं, असं इशी म्हणे. ऐकायला हे गमतीचं वाटतं. पण दोरी चढवलेलं धनुष्य जास्त वेळ तसंच ठेवलं तर लाकूड थकतं आणि वाक धरतं, यात काही खोटं नाही.

या सगळ्या ज्ञानाचा एक तोटा असा की माणूस मग पुराणातल्या गोष्टीही वेगळ्या कानांनी ऐकायला लागतो. जनकाघरचं शिवधनुष्य आठवा. वाल्मीकींच्या सांगण्याप्रमाणे ते आठ चाकांच्या लोखंडी पेटीत ठेवलेलं होतं, माणसं लागली ती पेटी ओढून आणायला, आणि रामानं दोरी चढवून ओढलं तेव्हा मधोमध मोडलं. भाविकांनी रागावू नये, पण एखाद्या धनुष्य करणाऱ्यापुढे ही कथा सांगितली तर तो हात जोडेल आणि हळूच विचारेल, बंद पेटीत किती वर्षं पडलं होतं म्हणालात? आणि मधोमध मोडलं म्हणजे मुठीशी गाठ होती का?

हां, तर लाकूड वाळलं. आता इथून खरी कसोटी. इंग्रज कारागीर याला टिलरिंग म्हणतात, आपण बाक बसवणं म्हणू. एका फळीच्या माथ्याला खोबण करायची, तीत धनुष्याची मूठ बसवायची, फळीच्या कडेला इंचाइंचावर खाचा पाडायच्या, दोरी खाली ओढून एखाद्या खाचेत अडकवायची आणि दहा पावलं मागे जाऊन नुसतं बघत उभं राहायचं. बघायचं काय? मुठीच्या दोन्ही बाजूंची पाती सारखी वाकली आहेत का. कुठे सरळ राहिलंय, कुठे कोपर मोडल्यागत एकाच जागी दुमडतंय. जिथे ताठ आहे तिथे कोळशाची खूण करायची, दोरी सोडायची आणि सुरीची धार आडवी धरून त्या खुणेवरचं लाकूड पापुद्र्या-पापुद्र्यानं खरवडायचं. तेही फक्त पोटाकडचं, म्हणजे ओढताना आपल्याकडे तोंड असतं त्या बाजूचं. पाठीला हत्यार लावायचं नाही. मग परत चढवायचं, वीस-तीस वेळा थोडं थोडं ओढायचं म्हणजे लाकडाला कळतं की आपल्यातून काय गेलं, आणि परत दहा पावलं मागे. दिवस जातो यात. बघणाऱ्याला वाटतं हा माणूस काही करतच नाहीये, नुसता उभा आहे.

यातली मेख अशी की दुबळ्या जागेला काही करताच येत नाही. लाकूड काढता येतं, लावता येत नाही. जिथे धनुष्य जास्त वाकतंय तिथे हात लावायचा नाही, बाकीच्या सगळ्यांना तिच्या पातळीवर आणायचं. आमच्याकडे काळ्या रानात पूर्वी आठ बैलांचा लाकडी नांगर चालायचा. त्यातला एक बैल अंगचोर निघाला की त्याच्या लगतच्या बैलाच्या मानेला गळू व्हायचं, आणि हुशार नांगऱ्या चाबूक ओढायचा तो अंगचोरावर, मानेला फोड आलेल्यावर नाही. धनुष्याचंही तसंच. ताठ राहिलेला भाग अंगचोर, तो आपला वाटा उचलत नाही, आणि त्याचा भार शेजारच्या चार बोटं लाकडावर येऊन ते पिचतं.

आणि सुरी किती हलक्या हातानं चालवायची, याचा हिशेब ऐकून भल्याभल्यांचे हात थरथरतात. धनुष्याच्या पात्याची रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो, हे आपल्या डोक्यात सहज बसतं. पण जाडी निम्मी केली तर ताठपणा आठवा हिस्सा उरतो. जाडीचा घन लागतो तिथे. वीस मिलिमीटर जाडीच्या पात्यावरून एकच मिलिमीटर खरवडला की सातातला एक भाग ताठपणा गेला म्हणून समजा. म्हणून रंधा नंतर बाजूला ठेवतात, कानस येते, कानशीनंतर सुरीची धार, आणि शेवटी नुसती काचेची कपची. ओढायला शंभर पौंडांचा जोर लागेल असं धनुष्य करायला बसलेल्या किती जणांनी घाईघाईत साठ पौंडांवर आणून ठेवलं असेल, त्याची गणती नाही. असं झालं की शहाणा कारागीर लहान मुलाचं धनुष्य करून देतो आणि दुसरी काठी उचलतो.

पाठ आणि पोट वेगळं का वागवायचं तेही सांगतो, कारण लाकडाची करामत इथेच आहे. धनुष्य ओढलं की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. चांगल्या कामठ्यात पाठीचे धागे शंभरात जेमतेम एक भाग लांबतात आणि पोटाचे तेवढेच आखडतात. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण लाकडाच्या जिवावर बेतणारं असतं ते. आणि कोरडं लाकूड शिरेच्या दिशेनं ताण जेवढा सोसतं, त्याच्या साधारण निम्माच दाब सोसतं. त्यामुळे धनुष्य बहुतेक वेळा पोटाशी आधी हरतं. हरतं तेही गाजावाजा न करता. पोटावर आडव्या-तिरक्या, केसाएवढ्या सुरकुत्या पडतात, उजेड तिरपा धरला तरच दिसतील अशा, नाहीतर नखाचं टोक हळूच फिरवलं की लागतील. धागे तिथे आतल्या आत दुमडलेले असतात. त्या जागी पुन्हा सुरी लावायची नाही, उलट तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड खरवडायचं. पाठ मात्र हरली तर बंदुकीसारखा आवाज करून दोन तुकडे हातात देते. म्हणून पाठीचा एकही धागा तुटू द्यायचा नाही, आणि गाठ आली तर तिच्याभोवती थोडं जादा लाकूड उंचवट्यासारखं ठेवून द्यायचं, दिसायला बेढब दिसलं तरी.

आता असं एखादं झाड असतं, ज्याची पाठ ताणायला तयार आणि पोट दाबायला तयार, तर कारागिराचं निम्मं काम झालं असतं, नाही का? आहे तसं झाड. ओट्झीचं धनुष्य त्याचंच होतं, आणि त्याच्या कुऱ्हाडीचा दांडाही. यू त्याचं नाव. आपल्याकडे हिमालयात त्याचा भाऊबंद आहे, उत्तराखंडात त्याला थुनेर म्हणतात. सूचिपर्णी झाड, वाढायला अतिशय सावकाश, सालीलगत पांढरट लाकडाचा पातळ थर आणि आत तांबूस गाभा. पांढरं लाकूड ताण सोसतं, गाभ्याचं लाकूड दाब सोसतं. कारागिरानं एवढंच करायचं की फाडताना दोन्ही एकाच काठीत येतील असं पाहायचं, पांढरं पाठीला, तांबूस पोटाला. शिवाय त्याच्या पेशींच्या भिंतीतले सूक्ष्म धागे इतर सूचिपर्णींपेक्षा जास्त तिरपे, वेटोळे घेत गेलेले असतात, त्यामुळे ते वजनाच्या मानानं लवचीक. झाडानं हे सगळं आपल्यासाठी केलेलं नाही, बरं का. त्याला वारा सोसायचा होता.

इंग्रजांनी या झाडावर आपलं सगळं युद्धशास्त्र उभं केलं. पण इंग्लंडचं यू त्यांना पुरेना आणि पसंतही पडेना, परदेशच्या उंच डोंगरांवरचं दाट वर्तुळांचं लाकूड हवं. मग १४७२ साली कायदाच केला, की परदेशाहून माल घेऊन येणाऱ्या जहाजानं दर टन मालामागे धनुष्याच्या चार काठ्या आणल्याच पाहिजेत. १४८४ साली तिसऱ्या रिचर्डनं त्यावर कडी केली, गोड दारूच्या प्रत्येक पिंपामागे दहा काठ्या. दारू प्यायची तर आधी लाकूड टाका, असा तो न्याय. रॉजर ॲस्कम नावाच्या विद्वानानं १५४५ साली धनुर्विद्येवर टॉक्सोफिलस नावाचा ग्रंथ लिहिला, आठव्या हेन्री राजाला नेऊन दाखवला आणि वर्षाला दहा पौंडांचं पेन्शन मिळवलं. त्यात एल्म, ॲश वगैरे लाकडांचा पंक्तिप्रपंच करून यूलाच पहिला पाट दिला आहे. आणि योगायोग पाहा, त्याच वर्षी, १९ जुलैला, त्याच राजाचं मेरी रोज नावाचं लढाऊ जहाज फ्रेंचांशी झुंजताना पोर्ट्‌समथजवळ बुडालं. १९८२ साली ते वर काढलं. समुद्रतळाच्या गाळात हवा न लागता राहिल्यामुळे त्यातून १३७ अखंड धनुष्यं आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण निघाले. सहा-सात फुटी कामठे, गाठींजवळचे उंचवटे जसेच्या तसे, पांढरी पाठ आणि तांबूस पोट ओळखू येण्याजोगं. त्यांचा जोर १०० ते १८५ पौंड असावा असा अंदाज आहे, म्हणजे बऱ्याच धनुष्यांची दोरी ओढायची तर धान्याचं आख्खं पोतं उचलण्याएवढं बळ लागणार. त्या जहाजावर सापडलेल्या काही सांगाड्यांत खांद्याच्या फऱ्याचं टोकाचं हाड तारुण्यात सांधायला हवं होतं ते सांधलेलंच नाही. पोरवयापासून धनुष्य ओढण्याचा तो परिणाम असावा असं अभ्यासक म्हणतात. लाकूड वाक धरतं तसं हाडही धरतं म्हणायचं.

एवढ्या मागणीपुढे झाडं कुठवर टिकणार. सोळाव्या शतकाअखेर बव्हेरिया-ऑस्ट्रियाकडची यूची रानं उजाड होत आली आणि १५९५ च्या सुमारास इंग्लंडनं आपल्या फौजेच्या हातातली धनुष्यं काढून बंदुका दिल्या. शंभर-सव्वाशे वर्षांत एक झाड कामठ्याजोगं होणार आणि एका दुपारी ते तुटणार, हे गणित कधी जमायचं नव्हतंच.

आता यूची गोष्ट चाललीच आहे तर तिचं एक टोक आपल्या घरापर्यंत येतं तेही सांगून टाकतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पॅसिफिक यू होतं, तिथल्या मूळच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याचीच धनुष्यं केली. १९६२ साली त्याची साल तपासणीसाठी गोळा झाली आणि मन्रो वॉल व मनसुख वाणी या दोन रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून टॅक्सॉल नावाचं द्रव्य वेगळं करून १९७१ साली त्याची रचना जगापुढे मांडली. कर्करोगावरचं ते मोठं औषध ठरलं, १९९२ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. साल काढली की झाड मरतं आणि एका रोग्याला एका झाडाची साल पुरत नाही, म्हणून पुन्हा यूवर संक्रांत येणार होती. पुढे युरोपातल्या यूच्या पानांपासून औषध बनवायची रीत निघाली आणि झाडं वाचली. या दोघांतले मनसुख वाणी १९२५ साली जन्मले ते आपल्या नंदुरबारात. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेला गेले.

आणि नंदुरबार म्हटलं की सातपुडा आला, सातपुडा म्हटलं की भिलांचा तीरकामठा आला. तिथे यू नाही, वर्तुळं नाहीत, गाभा नाही. तिथे बांबू. बांबू हे झाड नव्हेच, गवत आहे, एका हंगामात आपली सगळी उंची गाठणारं. पण कोवळा बांबू तोडला तर वाळताना सुरकुततो, म्हणून तीन-चार वर्षं मुरलेला बघून तोडतात. त्यातला पिठूळ अंश घुणाला फार आवडतो, तो जावा म्हणून काही ठिकाणी बांबू ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवायची रीत आहे, काही ठिकाणी अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायची. पंधरवड्याचं काय ते मी सांगत नाही, पण पाण्यात पीठ विरघळतं हे खरं.

बांबू चिरून त्याचा आडवा काप उन्हात धरून पाहा. हिरव्या सालीलगत गडद ठिपके गच्च दाटलेले दिसतील आणि आत आत ते विरळ होत जातील. ते ठिपके म्हणजे चिवट धाग्यांच्या जुड्या. यूमध्ये जे दोन रंगांच्या थरांनी साधलं ते बांबूनं दाट-विरळ जुड्यांनी साधलं. सालीची बाजू पाठीला ठेवली की सगळा ताण त्या दाट धाग्यांवर येतो, आणि खरवडायचं काम आतल्या विरळ बाजूनं होतं. भिलांच्या कामठ्याची आणखी खुबी म्हणजे त्याची दोरीसुद्धा बांबूचीच, एक लांब पातळ कामटी तासून दोन्ही टोकांना अडकवलेली. जनावराच्या स्नायूची नाहीतर आतड्याची दोरी पावसात भिजली की सैल पडते. बांबूची पट्टी ओढल्यानं लांबत नाही, आणि मोडली तर नवी रानातच उभी असते. मला विचाराल तर मेरी रोजवरच्या सगळ्या राजेशाही धनुष्यांपेक्षा ही अक्कल काकणभर सरस आहे. चार समुद्र ओलांडून लाकूड आणावं लागत नाही आणि दारूच्या पिंपावर कर बसवावा लागत नाही.

आता कुणाला हे करून पाहायची हौस आली असेल तर मुरलेल्या बांबूनंच सुरुवात करा, ओला फोक तोडू नका. आणि कुणाचं तयार धनुष्य हातात आलं, जत्रेत, पाड्यावर, कुणा हौशी मित्राच्या घरी, तर एक गोष्ट कटाक्षानं पाळा. बाण न लावता नुसती दोरी ओढून सोडू नका. ओढताना तुमच्या दंडातलं बळ लाकडात साठलेलं असतं, बाण असला की ते त्याच्याबरोबर निघून जातं, बाण नसला की परत लाकडातच आदळतं, आणि कारागिरानं दिवस घालवून बसवलेला बाक एका क्षणात फुटतो. पाहून झालं की दोरी उतरवा आणि धनुष्य आडवं ठेवा.